फेलनीच्या, म्हणजे गंभीर गुन्ह्याच्या, शिक्षेनंतर बंदूक बाळगण्याचा हक्क परत कसा मिळतो? (व्हर्जिनिया आणि इतर राज्ये)

गोदातीर
नमस्कार मंडळी. हा प्रश्न माझ्या मेहुण्यासंबंधी आहे आणि त्याच्या संमतीनेच येथे मांडत आहे. तो अमेरिकेचा नागरिक असून बरीच वर्षे व्हर्जिनियात राहतो. २००९ मध्ये एका उपाहारगृहात व्यवस्थापक असताना त्याने गल्ल्यातील चारशेहून थोडे अधिक डॉलर उचलले, ते उघडकीस आले आणि त्याने राज्याच्या सर्किट कोर्टात अपहाराचा गुन्हा कबूल केला. तुरुंगवासाची शिक्षा स्थगित झाली, त्याने प्रोबेशन (तुरुंगाबाहेर देखरेखीचा काळ) पूर्ण केले आणि रक्कमही भरून दिली. त्यानंतर त्याच्या नावावर कोणताही गुन्हा नाही. काही वर्षांपूर्वी गव्हर्नरांच्या आदेशाने त्याचे नागरी हक्क परत मिळाले. ते प्रमाणपत्र त्याच्याकडे आहे आणि तो मतदानही करतो.

त्याच्या कामावरची मंडळी दर नोव्हेंबरमध्ये हरणाच्या शिकारीला जातात. त्यांचे म्हणणे असे की गव्हर्नरांचे पत्र आले म्हणजे सर्वच हक्क परत आले, तेव्हा त्याने दुकानात जाऊन रायफल घ्यावी आणि काही अडचण असेलच तर तपासणीत ती आपोआप समोर येईल. मला हे पटत नाही, परंतु नेमके कारण सांगता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मुळामुठा
मी व्हर्जिनियात एका वकिलाच्या कार्यालयात पॅरालीगल म्हणून काम करतो. मी स्वतः वकील नाही, म्हणून हे सर्व कायदेशीर सल्ला न समजता माहिती म्हणून वाचावे.

मेहुण्यांनी अद्याप दुकानात जाऊन फॉर्म भरलेला नसेल, तर कृपया भरू नये. बंदूक खरेदीसाठीच्या ४४७३ क्रमांकाच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, फॉर्मवर विचारलेले असते की न्यायाधीश एक वर्षाहून अधिक कैद देऊ शकले असते अशा गुन्ह्यात तुम्हाला कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे काय. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली, केवळ प्रोबेशन मिळाले का, याला तेथे महत्त्व नाही. या प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा फेडरल गुन्हा आहेच, शिवाय व्हर्जिनियाच्या कायद्यानुसार ती स्वतंत्र, क्लास फाइव्ह दर्जाची फेलनी ठरते. येथील तपासणी राज्य पोलीस करतात आणि नकार आल्यानंतर ते प्रकरणाच्या खोलात जाऊ शकतात. ‘तपासून तर पाहू’ हा मार्ग म्हणूनच नवीन गुन्हा ओढवून घेण्याचा मार्ग आहे.

आता मूळ प्रश्न. हा हक्क दोन सरकारांनी स्वतंत्रपणे काढून घेतलेला असतो, आणि गोंधळ येथूनच सुरू होतो. दाराला दोन कुलपे आहेत आणि दोन्हींच्या किल्ल्या वेगवेगळ्या घरी आहेत, असे समजा. एक कुलूप व्हर्जिनियाच्या कायद्याचे आहे. फेलनी झालेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे हा येथे स्वतंत्र गुन्हा आहे, आणि मूळ गुन्हा अहिंसक असला तरी तो मागील दहा वर्षांतील असेल तर दोन वर्षांची किमान सक्तीची कैद आहे. दुसरे कुलूप १९६८ च्या फेडरल गन कंट्रोल ॲक्टचे. त्याच्या भंगासाठी पूर्वी कमाल दहा वर्षे कैद होती, ती २०२२ च्या सुधारणेने पंधरा वर्षे झाली.

गव्हर्नरांच्या पत्राने मेहुण्यांना मतदान, ज्युरीवर बसणे, सार्वजनिक पदासाठी उभे राहणे आणि नोटरी होणे हे हक्क परत मिळाले आहेत. पत्र पुन्हा एकदा शेवटपर्यंत वाचावे. या आदेशांतून शस्त्रांचा हक्क वगळलेला असतो आणि तसे त्यात स्पष्ट लिहिलेले असते. तो हक्क द्यायचा अधिकार व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने सर्किट कोर्टाला दिला आहे. रहिवासी असलेल्या काऊंटीच्या किंवा शहराच्या सर्किट कोर्टात अर्ज करायचा, त्याची प्रत सरकारी वकिलांना, म्हणजे कॉमनवेल्थ्स अटर्नींना द्यायची, आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन न्यायाधीश ‘पुरेसे कारण’ दिसल्यास स्वेच्छाधिकारात आदेश देतात. गव्हर्नरांकडून नागरी हक्क परत मिळालेले नसतील तर हा अर्जच करता येत नाही. मेहुण्यांची पहिली पायरी झालेली आहे, हे चांगले झाले. दुसरी अजून बाकी आहे.

निवडुंग
चारशे डॉलरसाठी फेलनी? आणि त्यासाठी जन्मभर शस्त्रबंदी? हे मला अतिशयोक्त वाटते. आकड्यात काही चूक तर नाही ना?

मुळामुठा
आकडा बरोबर आहे. व्हर्जिनियात अपहाराला चोरीप्रमाणेच शिक्षा होते, आणि दोनशे डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेची चोरी ही २०१८ पर्यंत ‘ग्रँड लार्सनी’, म्हणजे फेलनी दर्जाची मोठी चोरी, होती. तिला कमाल वीस वर्षे कैद होऊ शकते. ही मर्यादा २०१८ मध्ये पाचशे आणि २०२० मध्ये हजार डॉलर झाली. तेच कृत्य आज घडले असते तर ते साधे मिसडिमीनर, म्हणजे किरकोळ गुन्हा, ठरून कमाल बारा महिने कैदेस पात्र झाले असते, आणि बारा महिने ‘एक वर्षाहून अधिक’ नसल्यामुळे फेडरल बंदी लागूच झाली नसती. परंतु नवी मर्यादा जुन्या दोषसिद्धीला लागू होत नाही. न्यायाधीशांसमोर अर्ज करताना ही बाब नम्रपणे निदर्शनास आणावी, एवढाच तिचा उपयोग.

डॅलसवासी
आमच्या टेक्सासमध्ये हे अधिक सोपे आहे असे सांगितले जाते आणि त्यातून माणसे अडचणीत येतात, म्हणून लिहितो. येथील दंडसंहितेनुसार तुरुंगातून किंवा देखरेखीतून सुटल्यावर पाच वर्षे उलटली की फेलनी झालेली व्यक्ती स्वतःच्या राहत्या घरात बंदूक ठेवू शकते. कोणताही अर्ज नाही, सुनावणी नाही. माझ्या परिचयातील एका गृहस्थांनी एवढ्या आधारावर घरात शॉटगन ठेवली होती. त्यांच्या वकिलांनी ती तातडीने दुसऱ्याकडे सोपवायला लावली, कारण राज्य गुन्हा मानत नसले तरी फेडरल बंदी तशीच उभी असते. घराच्या उंबऱ्यापुरती दिलेली सवलत म्हणजे हक्क परत मिळणे नव्हे, असे वकिलांचे स्पष्टीकरण होते. हे कोणत्या निकालावर आधारलेले आहे, ते मुळामुठा सांगू शकतील काय?

मुळामुठा
कॅरन खटला, १९९८. मॅसॅच्युसेट्सने एका माणसाला रायफली आणि शॉटगन बाळगण्याची मुभा दिली होती, परंतु पिस्तुलावर बंधन ठेवले होते. राज्याने कोणत्याही प्रकारच्या शस्त्रावर बंधन कायम ठेवले असेल, तर फेडरल कायद्याच्या दृष्टीने हक्क पूर्ववत झालेच नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. म्हणजे अर्धवट परत मिळणे हे फेडरल हिशेबात शून्य. टेक्सासच्या पाच वर्षांच्या तरतुदीची गतही तीच होते.

याचा उगम १९८६ च्या कायद्यात आहे. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटले होते की राज्याने दोषसिद्धी पुसून टाकली तरी फेडरल बंदी उठत नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, तो निकाल कायद्यानेच रद्द केला आणि दोषसिद्धी म्हणजे काय ते शिक्षा देणाऱ्या राज्याच्या कायद्यावरून ठरावे असे केले. दोषसिद्धी पुसली गेली, रद्द झाली, माफी मिळाली किंवा नागरी हक्क परत मिळाले, तर ती धरायची नाही. मात्र त्या आदेशातच शस्त्रे बाळगता येणार नाहीत असे स्पष्ट म्हटले असेल तर धरायची. मेहुण्यांच्या पत्राची अडचण नेमकी या शेवटच्या वाक्यात आहे, आणि सर्किट कोर्टाचा विनाअट आदेश मिळाला की तीच दूर होते. मतदान, सार्वजनिक पद आणि ज्युरी हे तीनही हक्क परत आलेले आणि शस्त्रांवरचे बंधनही उठलेले, अशी स्थिती आली की राज्याच्या किल्लीनेच फेडरल कुलूपही उघडते. न्यायाधीशांनी आदेशात ‘फक्त शिकारीसाठी’ किंवा ‘फक्त लांब नळीची’ अशी अट घालू नये याची काळजी वकिलांनी घ्यावी लागते. शिकारीपुरती अट अर्जदाराला निरुपद्रवी वाटते, परंतु तिच्यामुळे संपूर्ण आदेश फेडरल पातळीवर निरुपयोगी ठरू शकतो.

सॅन होजेची सई
कॅलिफोर्नियाबद्दल भर घालते. येथे प्रोबेशन पूर्ण झाल्यावर दंडसंहितेच्या कलम १२०३.४ खाली खटला काढून टाकता येतो आणि लोक त्याला सर्रास ‘एक्स्पंजमेंट’, म्हणजे दोषसिद्धी पुसणे, म्हणतात. नोकरीच्या दृष्टीने त्याचा उपयोग होतो, परंतु बंदुकीचा हक्क त्याने परत येत नाही, असे त्या कलमातच लिहिले आहे. फेलनी किंवा मिसडिमीनर असे दोन्ही प्रकारे चालवता येणारे काही गुन्हे कलम १७(बी) खाली न्यायालयाकडून मिसडिमीनर करून घेता येतात. खरा उपयोग होतो तो त्याचा. आमच्या मंडळातील एका कुटुंबाने चुकीच्या कलमाखाली अर्ज करून बराच काळ घालवला, म्हणून लिहिले.

अनघा, न्यू जर्सी
हे सर्व राज्यांच्या न्यायालयांतील शिक्षांबद्दल झाले. माझ्या मैत्रिणीच्या पतीला फेडरल न्यायालयात वैद्यकीय बिलांच्या फसवणुकीबद्दल शिक्षा झाली होती. ती भोगून झाली आहे. ते आता पेनसिल्व्हेनियात राहतात, तेथे मतदान करतात. त्यांना राज्याच्या न्यायालयात अर्ज करून हा हक्क परत मिळू शकेल काय?

मुळामुठा
दुर्दैवाने नाही. १९९४ च्या बीचम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की फेडरल शिक्षेने गेलेले हक्क फेडरल कायद्यानेच परत यावे लागतात. राज्याने मतदानाचा किंवा इतर हक्क दिला म्हणून फेडरल दोषसिद्धी पुसली जात नाही. कोणी काढून घेतले, हे आधी विचारावे आणि मग कोणाकडे मागायचे ते ठरवावे. या विषयातील निम्मे गैरसमज एवढ्या एका प्रश्नाने दूर होतात.

फेडरल शिक्षेसाठी कागदावर दोन मार्ग आहेत. राष्ट्राध्यक्षांची माफी हा एक; न्याय विभागाच्या नियमांप्रमाणे सुटकेनंतर साधारण पाच वर्षे थांबून अर्ज करायचा असतो. माफी आणि शिक्षेतील सूट यांत येथे मोठा फरक आहे. जानेवारी २०२५ मध्ये कॅपिटॉलवरील हल्ल्याच्या खटल्यांतील सुमारे दीड हजार लोकांना माफी मिळाली, परंतु चौदा जणांची केवळ शिक्षा कमी झाली होती. शिक्षा कमी झाल्याने दोषसिद्धी जात नाही आणि तिच्याबरोबरची शस्त्रबंदीही जात नाही.

दुसरा मार्ग फेडरल शस्त्रकायद्यातील कलम ९२५(सी) चा, आणि त्याचा इतिहास जरा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. १९६५ मध्ये ही सवलत कायद्यात आली ती सामान्य माणसासाठी नव्हे. विंचेस्टर बंदुका बनवणाऱ्या ऑलिन मॅथिसन या कंपनीने परदेशी व्यवहारातील लाचखोरीच्या प्रकरणात फेलनी कबूल केली होती, आणि कायद्याप्रमाणे तिला बंदुकांचा धंदाच बंद करावा लागला असता. तिच्यासाठी ही वाट काढली गेली. पुढे व्यक्तीही अर्ज करू लागल्या. अर्जदार सार्वजनिक सुरक्षिततेला धोकादायक ठरणार नाही, असे एटीएफ या शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या फेडरल संस्थेने चौकशी करून ठरवायचे असे. १९९२ पासून काँग्रेसने अर्थसंकल्पात दरवर्षी एक ओळ घातली की व्यक्तींच्या अर्जांवर एटीएफने पैसा खर्च करू नये. कलम रद्द झाले नाही, फक्त त्याची अंमलबजावणी करणाऱ्याचे हात बांधले गेले. कंपन्यांचे अर्ज मात्र चालू राहिले, हा या कथेतील सर्वांत बोलका तपशील आहे असे मला वाटते.

लोक न्यायालयात गेले. टेक्सासमधील बीन नावाचे एक बंदूक विक्रेते १९९८ मध्ये सीमेपलीकडे न्यूव्हो लारेडोला जेवायला गेले असताना त्यांच्या गाडीत काडतुसांची पेटी सापडली आणि मेक्सिकोत त्यांना शिक्षा झाली. परतल्यावर त्यांनी एटीएफकडे अर्ज केला, तो न तपासता परत आला. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की अर्जावर काहीच न करणे म्हणजे अर्ज नाकारणे नव्हे, म्हणून न्यायालयाला त्यात हात घालता येणार नाही. अशा रीतीने कलम पुस्तकात जिवंत आणि व्यवहारात मृत, अशी स्थिती तीन दशके राहिली.

२०२५ मध्ये ती बदलू लागली. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी शस्त्रहक्कांविषयी आदेश काढला आणि मार्चमध्ये न्याय विभागाने हा अधिकार एटीएफकडून काढून स्वतः अटर्नी जनरलकडे परत घेतला. खर्चाची मनाई एटीएफवर असल्याने अशी पळवाट काढण्यात आली. जुलै २०२५ मध्ये अर्जाच्या पद्धतीचा प्रस्तावित नियम प्रसिद्ध झाला, ज्यात हिंसक फेलनी झालेले, लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत असलेले आणि बेकायदा वास्तव्य करणारे यांना सर्वसाधारणपणे अपात्र धरले आहे. मैत्रिणीच्या पतीचे प्रकरण अहिंसक आहे, तेव्हा त्यांनी फेडरल कामाचा अनुभव असलेल्या वकिलामार्फत या मार्गाची सद्यःस्थिती पाहावी. मात्र ९२५(सी) ने फेडरल बंदीच उठते. राज्याची बंदी असेल तर ती वेगळी हाताळावी लागते.

पेठेतला वाचक
पुण्याहून वाचतो आहे. आपल्याकडे शस्त्र हा हक्क नसून परवाना आहे, त्यामुळे ही चर्चा थोडी विचित्र वाटली. १९५९ च्या आर्म्स ॲक्टच्या नवव्या कलमात हिंसा किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्यांना शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षे मनाई आहे. त्यानंतरही परवाना देणे न देणे अधिकाऱ्याच्या हाती असते. मला एक जाणून घ्यायचे आहे. एखाद्याला भारतात शिक्षा झाली असेल आणि तो पुढे अमेरिकेचा नागरिक झाला, तर तेथे तो फेलनी झालेला धरला जाईल काय?

अटलांटिककाठ
फेडरल शस्त्रकायद्यापुरते याचे उत्तर २००५ च्या स्मॉल खटल्यात आहे. त्या गृहस्थांना १९९४ मध्ये जपानच्या न्यायालयात पिस्तुले चोरून आणण्याच्या प्रयत्नाबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली होती. परत आल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियात पिस्तूल विकत घेतले आणि खटला उभा राहिला. ‘कोणत्याही न्यायालयात’ या शब्दांत परदेशी न्यायालये येत नाहीत, असा पाच विरुद्ध तीन मतांनी निर्णय झाला. मुळामुठांनी सांगितलेल्या बीन यांची अडचण मेक्सिकोतील शिक्षेमुळेच उद्भवली होती. त्यांचा खटला हरल्यानंतर तीनच वर्षांत हा निकाल आला, हा नशिबाचा भाग.

परंतु त्यावर विसंबून कोणी निर्धास्त होऊ नये. राज्यांचे कायदे याबाबत वेगळे असू शकतात, आणि ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या अर्जात जगात कोठेही झालेली अटक व शिक्षा विचारलेली असते. ज्यांच्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. राज्याने दोषसिद्धी पुसली म्हणजे इमिग्रेशनच्या दृष्टीने ती पुसली जातेच असे नाही; तो कायदा दोषसिद्धीची स्वतःची व्याख्या वापरतो. बंदुकीसाठी अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावे, कारण बेकायदा शस्त्र बाळगण्याची शिक्षा हे हद्दपारीचे स्वतंत्र कारण आहे. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना तर कोणताही गुन्हा नसतानाही सर्वसाधारण मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातील नेहमीचा अपवाद.

ऋजुता
मी कौटुंबिक हिंसाचार झालेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत स्वयंसेवक आहे, त्यामुळे हा धागा वाचताना अस्वस्थ होत होते. सर्व चर्चा हक्क परत कसा मिळवावा यावर चालली आहे. तो कोणाला परत मिळू नये, यावर कोणी बोलत नाही. १९९६ पासून कौटुंबिक हिंसाचाराच्या मिसडिमीनरवरही फेडरल शस्त्रबंदी आहे आणि ती मोठ्या प्रयत्नांनी आलेली आहे. २०२५ मध्ये न्याय विभागाने ज्या पहिल्या दहा जणांना सवलत दिली, त्यांत अभिनेते मेल गिब्सन होते, ज्यांची २०११ ची शिक्षा याच प्रकारच्या गुन्ह्याची होती. त्या वेळच्या पार्डन अटर्नींना, म्हणजे माफीच्या अर्जांचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना, पदावरून दूर करण्यात आले आणि त्यांनी जाहीरपणे सांगितले की त्यांनी ही शिफारस करण्यास नकार दिला होता. विभागाने त्या दोन गोष्टींचा संबंध नाकारला आहे, हेही नमूद करते. परंतु प्रसिद्ध व्यक्तीचा अर्ज पहिल्या खेपेत निघतो आणि चारशे डॉलरवाला माणूस सोळा वर्षे थांबतो, ही व्यवस्था कोणत्याही बाजूने योग्य वाटत नाही.

निवडुंग
ऋजुताताई, आपला मुद्दा मान्य आहे, पण त्यातूनच दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद निघतो. बंदी धोक्यावर आधारलेली असावी की केवळ ‘फेलनी’ या शिक्क्यावर? पेनसिल्व्हेनियातील ब्रायन रेंज यांचा खटला पाहावा. १९९५ मध्ये गवत कापण्याच्या कामाचे उत्पन्न न दाखवता त्यांच्या कुटुंबाने अन्नसाहाय्य घेतले. रक्कम २,४५८ डॉलर. ती परत केली, तीन वर्षे प्रोबेशन झाले. राज्याने या गुन्ह्याला मिसडिमीनर म्हटले होते, परंतु कमाल शिक्षा पाच वर्षे असल्याने फेडरल बंदी लागली. तिसऱ्या सर्किटच्या (काही राज्ये मिळून होणाऱ्या फेडरल विभागाच्या; राज्याचे सर्किट कोर्ट वेगळे) अपील न्यायालयाने २०२३ मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण परत पाठवल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा, त्यांच्यापुरती ही बंदी घटनाबाह्य ठरवली. न्यायमूर्ती ॲमी कोनी बॅरेट सर्वोच्च न्यायालयात जाण्यापूर्वी, २०१९ मधील कँटर खटल्यात, अल्पमतात अशीच भूमिका घेऊन गेल्या होत्या: धोकादायक माणसांपासून शस्त्रे दूर ठेवणे हे परंपरेला धरून आहे, परंतु टपालाद्वारे फसवणूक करणारा प्रत्येक जण धोकादायक असतोच असे नाही.

मुळामुठा
एक महत्त्वाची सूचना, नाहीतर कोणी रेंज खटला वाचून उद्या रायफल आणेल. तो निकाल पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी आणि डेलावेअरच्या तिसऱ्या सर्किटचा आहे, आणि तोही त्या एका माणसापुरता. व्हर्जिनिया चौथ्या सर्किटमध्ये येते. तेथील न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्येच हंट खटल्यात सांगितले की फेलनीवरील बंदी वैध आहे आणि प्रत्येक माणसाचा गुन्हा वेगळा तपासत बसण्याची गरज नाही. आठव्या सर्किटची भूमिका तशीच आहे, आणि नवव्यानेही मे २०२५ मध्ये पूर्ण पीठासमोर बंदी कायम ठेवली. सहाव्या सर्किटने मधला मार्ग धरला: बंदी सर्वसाधारणपणे वैध, परंतु आपण धोकादायक नाही हे दाखवून देण्याची संधी व्यक्तीला असावी.

ऋजुताताईंच्या म्हणण्याशी मी बराच सहमत आहे. व्हर्जिनियाची पद्धत मला त्यामुळेच आवडते. सरकारी वकिलांना नोटीस जाते, ते आक्षेप घेऊ शकतात आणि निर्णय खुल्या न्यायालयात होतो. ज्याचा कोणी परिचित मंत्रालयात नाही, त्यालाही तेथे समान वेळ मिळतो.

ऋजुता
खुल्या सुनावणीचा मुद्दा मला पटला. अशा सुनावणीत जुन्या प्रकरणातील पीडित व्यक्तीला बोलावण्याची प्रथा आहे काय? आमच्या अनुभवात कित्येकदा तिला कळतही नाही.

मुळामुठा
कायद्यात केवळ सरकारी वकिलांना नोटीस देणे बंधनकारक आहे. हिंसक गुन्ह्याच्या प्रकरणात ते स्वतःहून पीडितेशी बोलतात की नाही, हे त्या कार्यालयाच्या पद्धतीवर अवलंबून असते. आपल्यासारख्या संस्थांनी त्या कार्यालयातील पीडित साहाय्य विभागाशी आधीच संपर्क ठेवावा, एवढेच सुचवता येते.

गोदातीर
सर्वांचे मनापासून आभार. मेहुण्याने दुकानाचा विचार सोडून वकील गाठायचे ठरवले आहे. दोन प्रश्न राहिले. न्यायाधीशांसमोर काय मांडावे? आणि त्याच्या पत्नीला, म्हणजे आमच्या वहिनींना, मधल्या काळात घरात स्वतःच्या नावावर पिस्तूल घ्यावेसे वाटते. त्यांच्यावर कोणतीही बंदी नाही. ते चालेल काय?

मुळामुठा
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात धोका अधिक आहे. वहिनींना पिस्तूल घेण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु फेडरल कायद्यात ‘ताबा’ म्हणजे केवळ हातात असणे नव्हे. वस्तू कोठे आहे हे ठाऊक असणे आणि ती वापरण्याची क्षमता व इच्छा असणे यांवरूनही ताबा सिद्ध होऊ शकतो. शयनगृहातील खणात ठेवलेले पिस्तूल हे दोघांच्याही ताब्यात होते, असे सरकारी वकील सहज म्हणू शकतात. ठेवायचेच असेल तर तिजोरीत, जिची किल्ली किंवा आकडे केवळ वहिनींकडे असतील, आणि काडतुसेही तेथेच, कारण बंदी काडतुसांवरही आहे. आमच्या कार्यालयातील वकील तर सरळ सांगतात की आदेश मिळेपर्यंत घरात शस्त्र नकोच. ज्यांच्याकडे शिक्षेआधीपासूनच बंदुका आहेत त्यांच्यासाठी २०१५ चा हेंडरसन निकाल उपयोगी आहे: न्यायालयाच्या संमतीने त्या विकता किंवा दुसऱ्याला देता येतात, मात्र घेणारा माणूस मूळ मालकाच्या इशाऱ्यावर चालणारा नसावा. शिकारीची हौस या हंगामात भागवायचीच असेल तर धनुष्यबाणाची शिकार आहे. धनुष्य फेडरल कायद्यात ‘फायरआर्म’ नाही.

अर्जाविषयी सांगायचे तर न्यायाधीशांना पश्चात्तापाचे भाषण नको असते, कागद हवे असतात. शिक्षेच्या आदेशाची प्रमाणित प्रत, रक्कम आणि न्यायालयीन खर्च पूर्ण भरल्याची नोंद, प्रोबेशन समाप्तीचे पत्र, गव्हर्नरांचा आदेश, नोकरीचा अखंड इतिहास आणि दीर्घ काळ ओळखणाऱ्या दोन-तीन व्यक्तींची पत्रे जोडावीत. शस्त्र कशासाठी हवे, या प्रश्नाला ‘शिकार’ हे प्रामाणिक उत्तर पुरेसे आहे. फक्त मागे म्हटल्याप्रमाणे ते आदेशातील अट होऊ देऊ नये. सुनावणीआधी सरकारी वकिलांच्या कार्यालयाशी बोलून त्यांचा आक्षेप आहे का हे वकिलांनी विचारून घ्यावे. आक्षेप नसेल तर पुढचे काम बरेच हलके होते.

आदेश मिळाल्यावर त्याच्या प्रमाणित प्रती घेऊन ठेवाव्यात आणि राज्य पोलिसांच्या नोंदीत तो चढला आहे याची खात्री झाल्यावरच खरेदीला जावे. नोंदी मागे पडलेल्या असतात आणि दुकानात नकार येतो. अशा वेळी वाद न घालता लेखी अपील करायचे असते.

गोदातीर
आणखी एक शंका. पुढील वर्षी त्याची नोकरी शार्लटला जाण्याची शक्यता आहे. व्हर्जिनियाचा आदेश नॉर्थ कॅरोलायनात चालतो काय?

मुळामुठा
फेडरल बाजू सुटते, कारण ती शिक्षा देणाऱ्या राज्याचा कायदा पाहते. नॉर्थ कॅरोलायनाचा स्वतःचा कायदा मात्र परराज्याने परत दिलेला हक्क तेव्हाच मानतो, जेव्हा तो त्यांच्या कायद्यानुसारही मिळू शकला असता. आणि त्यांच्याकडे अहिंसक फेलनीसाठी नागरी हक्क परत मिळाल्यानंतर वीस वर्षांची अट आहे. मेहुण्यांची ती वीस वर्षे अजून बरीच दूर आहेत. तेव्हा व्हर्जिनियातील अर्ज तेथील रहिवासी असतानाच करून घ्यावा, आणि शार्लटला रायफल नेण्याआधी तेथील वकिलाचे मत लेखी घ्यावे.